म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पावसाच्या आधी जा

पणजीपासून म्हापसा तेरा किमी, कदंबा म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने अर्ध्या तासात पोचतो. बाजार इतर दिवशीही असतो पण शुक्रवारी आसपासच्या गावातल्या बायका आपापला माल घेऊन रस्त्यावर बसतात, तो बघायचा. सकाळी आठच्या आत जा, अकरानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सहन होत नाही आणि पार्किंग तर विसराच.

आम्ही मे मध्ये गेलेलो, तेव्हा पुरुमेंताची खरेदी चालू असते, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. सुकं बांगडं, सुकट, मीठ, मिरची, सोलं (म्हणजे आमसुलं) यांचे ढीगच्या ढीग. सोलं घेताना दाबून बघा, मऊ आणि हाताला काळपट लाल रंग लागला पाहिजे, कडक झालेली जुनी असतात. एका मावशीने स्वतःच एक सोल हातावर ठेवलं, "चाखून पळय" (चाखून बघ) म्हणाली, आणि भाव पण वाजवी लावला. मयडे गावची केळी पण तिच्याच शेजारी मिळाली, चांगली वीतभर लांब, हलव्याला तीच लागतात.

चवरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे गोवन सॉसेज, दोऱ्यात माळेसारखे ओवलेले मिळतात, ते शिजवूनच खायचे, पोय म्हणजे गोव्याच्या पावासोबत तर क्या बात. फक्त मसाल्याच्या एका दुकानात वजनात मारलं आम्हाला, घरी काट्यावर पाव किलोला तीस ग्राम कमी भरलं, खूप वाईट वाटलं. टोपलीवाल्या बायकांकडे असं एकदाही झालं नाही, त्यांच्याकडूनच घ्या आणि दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस नका करू प्लीज, पहाटेपासून बसलेल्या असतात त्या. कापडी पिशव्या आणि सुट्टे पैसे न्या.