उलटं करून बघितलास का?

मेपलच्या एका फळीपायी माझे 12,700 रुपये गेले. फळीचे 10,800, रंगाच्या बाटलीचे 1,200, कुरिअरचे 700. पैसे परत मिळालेले नाहीत आणि मिळतील असं वाटतही नाही. तरी लिहितोय, कारण मला फसवणारा तो विक्रेता अजून विकतोय आणि घरी गिटार बनवणारी पोरं आता गावोगाव झालीत.

मी सोलापूरचा. युनिफॉर्मच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि रविवारी गच्चीवर लाकूड घासतो. उत्तर कसब्यात एक वाडा पाडला, त्याचं सागवानी दार मला स्वस्तात मिळालं. त्यातून इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कापली, 40 मिलिमीटर जाडीची. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, तयार आणली, चार स्क्रूंनी बसणारी. आतलं काम मला जमतं. हौस होती ती वरच्या भागाची. सागवानावर सहा मिलिमीटरचा फ्लेम मेपल चिकटवायचा, त्याला रंग द्यायचा आणि वर लॅकर, म्हणजे चकचकीत पारदर्शक लेप, मारायचं.

ज्यांनी फ्लेम मेपल हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे लाकूड आडवे पट्टे असल्यासारखं दिसतं, पण ते पट्टे रंगाचे नसतात. आतले तंतू सरळ न वाढता लाटांसारखे वाढलेले असतात, त्यामुळे उजेड कुठे परततो, कुठे आत मुरतो. फळी जरा कलती केली की उजळ पट्टा काळपट होतो आणि काळपट उजळतो. आजीच्या धूपछाव लुगड्याचा पदर हलवल्यावर व्हायचं तसंच. रंग भरला की ही लाट आणखी उठते, कारण तंतूंची तोंडं जिथे वर आलेली असतात तिथे लाकूड रंग जास्त पितं. म्हणून आधी गडद रंग देतात, तो घासून काढतात आणि मग हवा तो रंग भरतात. त्या तोंडांत गडद रंग राहतो आणि पट्टे जिवंत होतात. दोन वर्षं मी हे व्हिडिओत बघत होतो. हात शिवशिवत होते.

असं लाकूड आपल्याकडच्या वखारीत मिळत नाही. परदेशातून मागवायचं तर लाकडाइतकाच खर्च पाठवणीचा आणि वर कस्टम. मग एक विक्रेता सापडला. नाव लिहीत नाही, गावही नाही. फोटो एकाहून एक. बुकमॅच केलेली जोडी, म्हणजे एकच फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडलेली, डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब. ‘फाइव्ह ए ग्रेड, सर, सगळ्यात वरची प्रत. एवढा एकच पीस राहिलाय, पुण्याचे एक जण संध्याकाळी घेणार होते.’ हे ऐकूनच थांबायला हवं होतं, पण तेव्हा कान बंद होते.

मी अगदीच बावळट नव्हतो. तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींना उत्तरं मिळाली. आधीच सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा थर, का मारलाय? ‘दमट हवेत वाकू नये म्हणून.’ कडांना मेण का? ‘टोकं तडकू नयेत म्हणून.’ मागची बाजू एवढी खरबरीत का? ‘गोंद धरायला, सर.’ आता गंमत बघा. टोकांना मेण खरंच लावतात. पातळ फळी वाकू नये म्हणून सील करणारेही असतात. चिकटवायच्या बाजूला ओरखडे काढणारे सुतार मी स्वतः पाहिलेत. त्याने धंद्यातल्या तीन खऱ्या गोष्टी घेतल्या आणि त्यांनी तीन जागा झाकल्या: तोंड, कड आणि पाठ. लाकूड खरं की खोटं ते या तीन ठिकाणीच कळतं.

व्हिडिओ मागितला तेव्हा त्याने पाठवला. त्यात पट्टे छान हलत होते. ती फळी वेगळी होती हे मला फार नंतर कळलं, दोन्ही एकाशेजारी एक लावून पाहिल्यावर. पैसे पाठवताना मोबाइलवर कुणा बाईचं नाव आलं. ‘मिसेसचं अकाउंट आहे.’ पावती मागितली तर म्हणाला, आम्ही छोटे कारागीर, जीएसटी नाही. मला तर छोट्या कारागिराबद्दल उलट माया वाटली. आमच्या घरात चार माग होते ना.

पार्सल फेब्रुवारीत आलं. बबलरॅप काढला तेव्हा बायकोसुद्धा म्हणाली, ‘अय्या, छान आहे हो!’ दोन दिवस ती फळी पलंगाखाली ठेवून रात्री टॉर्चने बघत होतो. टॉर्चने बघितली, पण पट्टे हलले नाहीत हे डोक्यात शिरलं नाही. सीलरमुळे तसं वाटत असेल असं स्वतःच स्वतःला समजावलं. त्याला काही बोलावंही लागलं नाही.

मार्चमध्ये चिकटवली. जुन्या सागवानात तेल असतं, म्हणून आधी थिनरने पुसून घेतलं, मग फेव्हिकॉल लावून चौदा क्लॅम्प आवळले. एक दिवस तसंच ठेवलं. मग राउटरने, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्राने, तारांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपचे खड्डे कोरले. इथे खरं तर मला दिसायला हवं होतं. खड्ड्याच्या भिंतीत वरचे सहा मिलिमीटर नुसते पांढरट होते, एकही रेघ खाली उतरलेली नव्हती. पण राउटर चालू असताना माणूस बोटं सांभाळतो, भिंती बघत नाही.

मग कड गोल केली, तीन मिलिमीटरच्या गोलाईने. झाडून बघितलं तर प्रत्येक पट्टा त्या गोलाईपाशी येऊन कापल्यासारखा थांबलेला. कागदावरचं चित्र कागद संपल्यावर संपतं, तसा. खऱ्या लाकडात पट्टा कडेवरून वळून खाली उतरतो. पोटात गोळा आला. 180 नंबरचा पॉलिशपेपर घेतला आणि कोपऱ्यात घासू लागलो. आधी पांढरी पूड निघाली, ती सीलरची. मग पूड तपकिरी झाली. दहा-बारा हात मारले आणि बोटाखालचा पट्टा फिका होत होत गेला. खाली कोरं, पांढरं, मठ्ठ लाकूड. फडक्यावर थिनर घेऊन पुसलं तर फडकं चहाच्या डागासारखं झालं. नैसर्गिक लाकडाला असा पुसून निघणारा रंग कशाचा असेल?

त्याच दुपारी मामा आले होते. मामांची उभी हयात सूत रंगवण्यात गेली. आता डाईंग बंद आहे, पण बोटांची नखं अजून निळसर आहेत. मी गच्चीवर डोक्याला हात लावून बसलेलो.

‘काय करायलास बे?’

सांगितलं. त्यांनी बॉडी उचलली, उन्हाला धरली, उजवीकडे कलती केली, डावीकडे कलती केली आणि खाली ठेवली. ‘हे विणलेलं न्हाई. छापलेलं हाय.’

मला कळेना.

‘घरात चादरी बघत मोठा झालास ना? आपली चादर उलटी केली की काय दिसतं?’

उलटी केली की तीच नक्षी दिसते, रंग अदलाबदल होऊन. जॅकार्ड मागावर विणलेली असते म्हणून. छापील चादरीची पाठ कोरी असते. हे सोलापुरात दुकानात बसणाऱ्या दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा चादर उलटीच करून दाखवतात.

‘मग फळी उलटं करून बघितलास का?’

बघितली होती. पाठ खरबरीत होती. रंधा मारून बघितली नव्हती.

मामांनी ती बाराशेची ‘इंपोर्टेड’ रंगाची बाटलीही हुंगली, दोन थेंब ओल्या टिश्यूवर टाकले. पाण्यात विरघळणारा साधाच रंग निघाला. असल्या पुड्या आम्ही किलोवर घ्यायचो, एवढंच म्हणाले. चहा न घेता गेले. मला ते जास्त लागलं.

मग ओळखीच्या सुताराला दाखवली. त्याने नखाने लाकूड कोरलं, भिंग लावलं. मेपलची छिद्रं इतकी बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. यात बारीक रेघोट्यांसारखी उघडी छिद्रं होती. ‘रबरवूड असावं,’ म्हणाला. स्टेन्सिल ठेवून फवाऱ्याने पट्टे मारलेले आणि वर सीलर. बुकमॅचची चोरीही त्यानेच दाखवली. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत्या, स्टेन्सिल पालथं घालून मारल्यासारख्या. खऱ्या जोडीत एक फाळका पालथा झालेला असतो, त्यामुळे तंतू उलट्या दिशेने कललेले असतात. एका बाजूचा पट्टा उजळला की पलीकडचा त्याचा जोडीदार बहुधा काळवंडतो. दोन्हीकडे एकदम सारखा उजेड दिसला तर शंका घ्यायचीच.

फोन लावला. आधी म्हणाला, ‘सर, तुम्ही जास्त घासलं.’ मग म्हणाला, ‘चिकटवलेला माल परत घेत नाही.’ मग ब्लॉक. खरी मेख तिथेच होती. फळी तशीच असती तर भांडता तरी आलं असतं. मी तर ती चिकटवून, कोरून, घासून पुरावाच भुशात घातला होता. सील केलेल्या फळीचं पितळ फिनिशिंगलाच उघडं पडतं आणि तोवर महिना-दीड महिना गेलेला असतो. हे त्यालाही पक्कं ठाऊक असणार.

1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, माणूस नीट बोलला. पण पैसे जाऊन चाळीसहून जास्त दिवस झाले होते. पैसे खात्यातून पुढे जायच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांत कळवलं तर ते अडवता येतात, एवढ्या उशिरा अडवायला काही उरत नाही. 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथेही नोंद केली. त्यांनी बिल विचारलं. बिल नव्हतं. दुकानाचं नाव फक्त व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोवर.

तुम्ही घेणार असाल तर एवढं करा. फळी सील केलेली घेऊच नका, कोरी मागा. सील केलेली आलीच तर त्याच दिवशी पाठीवर चार बोटं जागा रंध्याने किंवा 120 नंबरने गुळगुळीत करा आणि ओल्या फडक्याने पुसा. पट्टे पाठीवर उठायलाच हवेत. कडेचं मेण खरवडा, जाडीतही लाट दिसली पाहिजे. व्हिडिओ मागाल तेव्हा विक्रेत्याला कागदावर तुमचं नाव आणि तारीख लिहून तो फळीवर ठेवायला सांगा आणि फळी खिडकीसमोर कलती करायला लावा, दोन्ही बाजूंनी. पैसे देताना नाव वेगळं दिसलं तर बोट वर उचला. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता, कारण आनंद फार झाला होता.

गिटारचं काय झालं? तो वरचा थर रंध्याने काढून टाकावा असं पहिले आठ दिवस वाटत होतं. पण नेकचा खाचा त्या उंचीवर कोरलेला, सहा मिलिमीटर गेले की सगळंच पुन्हा. मग आठवलं की लेस पॉल नावाची ती प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार, 1952 ची पहिली, सोनेरी होती. वर मेपलच, पण अपारदर्शक रंगाखाली. ती फ्लेमची पारदर्शक सनबर्स्ट, मधे उजळ आणि कडेला गडद, 1958 मध्ये आली. म्हणजे सहा वर्षं खालच्या लाकडाचे पट्टे कुणाला दिसतच नव्हते. सगळे पट्टे घासून टाकले, सीलर मारला आणि वर सोनेरी चढवलं. त्यावर लॅकर. मे महिना होता, पारा 43 च्या आसपास. दुपारी फवारलं की थिनर हवेतच उडतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. म्हणून पहाटे साडेपाचला उठून, सावकाश उडणारा थिनर घालून, तीन आठवडे रोज थोडं थोडं केलं. महिनाभर वाळू दिलं, मग 1000, 1500, 2000 नंबरने पाण्यात घासून चकाकी आणली. वाजते चांगली. जरा जड आहे, सागवान ते. पिकअपच्या खड्ड्यात त्या पट्ट्यांचा एक तुकडा मुद्दाम ठेवलाय. लोकांना झाकण काढून दाखवतो.

परवा लातूरच्या एका ओळखीच्या मुलाने फोटो पाठवला. ‘दादा, ही फळी कशी आहे? एकच पीस राहिलाय म्हणतो.’ दुकानाचं नाव नवं, पट्टे तेच, डावीकडून तिसरा जरा वाकडा. मी त्याला एवढंच सांगितलं की पाठ घासून, ओल्या फडक्याने पुसून दाखवा म्हण. त्याने संध्याकाळी सहाला मेसेज टाकला. आठला त्याचा नंबर ब्लॉक झाला होता.