करंदी धरायची चपट्या तोंडाची जाळी: दोन सीझन वापरल्यानंतर

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये अॅनापोलिसजवळ सेव्हर्न नदीवर आम्ही गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. इथे धक्क्याच्या फळ्यांना आणि काठच्या गवताला चिकटून एक बारीक कोळंबी राहते. ग्रास श्रिम्प म्हणतात तिला. आकाराने आपल्या करंदीएवढी, जास्तीत जास्त दोन इंच, आणि अंग काचेसारखं आरपार. व्हाइट पर्च, ब्लूगिल असे तव्यात अख्खे मावणारे मासे तिच्यावर तुटून पडतात. आमिषासाठी ती धरायला मी जी जाळी वापरते, तिच्याबद्दल लिहितेय.

जाळीचं तोंड इंग्रजी डी अक्षरासारखं आहे, सपाट बाजू १२ इंचांची. जाळं बिनगाठीचं, भोकं साधारण ३ मिलिमीटर. अॅल्युमिनियमचा दांडा ४ फुटांपासून ८ फुटांपर्यंत लांब होतो. किंमत पडली ३८ डॉलर. याआधी एक गोल तोंडाची स्वस्त जाळी ऑनलाइन मागवली होती, तिची कडी तिसऱ्याच खेपेला दांड्यातून निसटून पाण्यात गेली. तक्रार केली, उत्तर आलं नाही. तो विषय तिथेच सोडला.

सपाट कडेचा फायदा पहिल्याच ओढीला कळतो. गोल जाळी फळीला एकाच जागी टेकते आणि कोळंबी दोन्ही बाजूंनी सटकते. ही पूर्ण १२ इंच टेकते. जाळी फळ्यांपासून लांब धरून खाली सोडायची, तळाशी गेली की फळीला दाबायची आणि एका दमात वर ओढायची. मध्ये थांबायचं नाही, कारण कोळंबी शेपटी आवळून मागच्या मागे उडी मारते आणि हात जरा ढिला पडला की गेलीच. धक्क्याच्या गोल खांबाला मात्र ही कडसुद्धा नीट बसत नाही. तिथे खांबाच्या दोन्ही अंगांनी वेगवेगळी ओढ घ्यावी लागते.

वेळेचं गणित शिकायला मला पहिला उन्हाळा लागला. मी मालवणजवळच्या कालावलच्या खाडीवर वाढले. तिथे ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि डोळ्यांना दिसतं कुठे उतरायचं. अॅनापोलिसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. इथे वाराच जास्त बोलतो. वायव्येचा जोरदार वारा सुटला की पाणी खाडीबाहेर ढकललं जातं. तरीही ओहोटीच धरायची. भरतीला कोळंबी गवतात आत शिरते, तिथे जाळी चालत नाही. पाणी उतरताना ती गवताच्या कडेला येते आणि तेव्हा पाच-सहा ओढींत सकाळपुरतं आमिष होतं. थंडी पडली की ती खोल पाण्यात उतरते, मग धक्क्यावर ओढी मारण्यात अर्थ नाही.

जाळी वर आली की आधी पाचोळा हळूच हलवायचा. आत बोटभर मासे असतात, नखाएवढे खेकडे असतात, ते लगेच परत सोडायचे. जुलै-ऑगस्टमध्ये जेलीफिश येतात. त्यांचे धागे जाळ्याला चिकटून राहतात आणि मनगटाला चांगलेच चावतात, म्हणून त्या दिवसांत हातमोजे घालते. मग कोळंबी ओल्या हातावर घेऊन बघा. डोळ्यांच्या मध्ये करवतीसारखा काटा, डोक्याच्या आत जठराचा काळपट ठिपका, आणि मादी असेल तर पोटाखाली हिरवट अंड्यांचा घोस. अशा माद्या मी सोडते. एखादीचा गाल एका बाजूला फुगलेला दिसतो. तिथे कवचाखाली कल्ल्यापाशी एक चपटा परजीवी जीव बसलेला असतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी आणि मुलगी धक्क्यावर कितीतरी वेळ तेच बघत बसलो होतो.

आता साठवण. सुरुवातीला मी सगळी कोळंबी बादलीत पाणी घालून ठेवायचे. तासाभरात पाणी गढूळ, निम्मी कोळंबी पांढरी पडून मेलेली. बाबांना फोनवर सांगितलं तर पलीकडून लगेच, "पाण्यात ठेव नको गो, मरतली. ओल्या पाल्यात ठेव." तेव्हापासून कूलरमध्ये खाली बर्फ, त्यावर ओलं वर्तमानपत्र, त्यावर कोळंबीचा एक थर, वर पुन्हा ओला कागद. बर्फाचं वितळलेलं पाणी कोळंबीपर्यंत चढू द्यायचं नाही. पहाटे धरलेली कोळंबी दुपारी कागद उचलला की टुणटुण उडते. गर्दीच्या पाण्यात प्राणवायू संपतो, गार ओलाव्यात ती तग धरते. कालावलला माणसं हे कधीपासून करत आली आहेत.

व्हाइट पर्चला ८ नंबरची गरी, ६ पौंडांचा ताण झेलणारा तंगूस (नायलॉनची दोरी) आणि तळाशी लहान वजन. गरी शेपटीच्या पेरातून घालायची, डोक्यातला काळा ठिपका टोचायचा नाही, म्हणजे कोळंबी जिवंत राहून पाय हलवत राहते. दुकानात ब्लडवर्म नावाचे किडे मिळतात, मेन राज्याच्या किनाऱ्यावर चिखल खणून काढलेले, आणि पर्च त्यांच्यावरही छान लागतो. पण डझनाचा भाव ऐकून मन होत नाही. तळ्यातल्या ब्लूगिलचं तोंड लहान, त्याला १० नंबरची, म्हणजे आणखी बारीक गरी आणि अर्धी कोळंबी पुरते. तिथे मी मेलेलीच नेते. नदीतली जिवंत कोळंबी किंवा नदीचं पाणी दुसऱ्या तळ्यात नेऊन ओतायचं नाही, हे मुलीलाही पक्कं शिकवलंय.

जाळीच्या तक्रारी दोन. दांडा फिरवून आवळायचा असतो, ती पकड पहिल्या वर्षाअखेर घसरायला लागली. ८ फुटांवर जोरात ओढलं की दांडा आत जातो. खारं पाणी सांध्यात सुकून हे होतं. दर वेळी नळाखाली धुवून दोन्ही तुकडे वेगळे वाळवले तर बरंच टिकतं. तरी शेवटी नवऱ्याने आरपार भोक पाडून स्टीलची खीळ घातली, तेव्हा प्रश्न सुटला. दुसरी तक्रार सपाट कडेची. तिथेच जाळं कडीला शिवलंय आणि फळीवरच्या शिंपल्यांवर घासून नेमकं तिथेच फाटतं. कंपनीने त्या कडेला रबराची पट्टी द्यायला हवी होती. मी जाड तंगूसाने जाळं पुन्हा शिवलं आणि कडीवर बागेच्या पाण्याचा जुना पाइप उभा चिरून बसवला. दुसरा सीझन पूर्ण त्याच्यावर निघाला.

पाचपैकी चार तारे. घेताना दोनच गोष्टी बघा: भोकं ३ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, नाहीतर बारीक कोळंबी निसटते. आणि दांडा पूर्ण लांब करून दुकानातच जमिनीवर दाबून बघा, वाकला तर परत ठेवा. मेरीलँडचा मासेमारी परवाना आणि आमिष धरण्याचे नियम त्या वर्षीचे बघून मगच पाण्यात हात घाला. मी नवं जाळं आताच मागवून ठेवलंय. मार्चमध्ये पर्च नद्यांच्या वरच्या अंगाला अंडी घालायला चढतात, त्याआधी कडेला पाइप बसवून तयार ठेवायचंय.