छिद्र नसलेल्या मत्स्यटाकीसाठी ओव्हरफ्लो बॉक्स: प्रवाहाच्या आकड्याआधी सायफन पाहा

तळाला किंवा मागच्या काचेला छिद्र नसलेल्या टाकीला संप, म्हणजे खाली ठेवलेली गाळणीची दुसरी टाकी, जोडायचा असेल, तर काठावर अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स हा बहुतेक वेळा उरलेला एकमेव मार्ग असतो. मासे आणि प्रवाळ नांदत असलेली टाकी रिकामी करून तिला ड्रिल लावणे फार थोड्यांना जमते, आणि काच टेंपर्ड, म्हणजे उष्णता देऊन कडक केलेली, असेल तर तो विचारच सोडावा लागतो, कारण अशी काच छिद्र पाडताना पूर्ण फुटून तिचे बारीक तुकडे होतात. त्यामुळे या बॉक्सची गरज खरी आहे. मात्र तो घेताना आपण टाकीतल्या आणि घराच्या जमिनीवरच्या पाण्याची जबाबदारी एका सायफनवर, म्हणजे काठावरून पाणी आपोआप ओढून नेणाऱ्या भरलेल्या नळीवर, सोपवत असतो, हे विसरून चालत नाही. म्हणून कोणताही बॉक्स पाहताना मी पहिला प्रश्न हा विचारतो, की सायफनमध्ये हवा साठू लागली तर हा बॉक्स काय करेल. खोक्यावर छापलेला ताशी प्रवाहाचा आकडा त्यानंतर.

रचना साधी आहे. टाकीच्या आतल्या बॉक्सच्या दात्यांवरून पृष्ठभागाचे पाणी आत पडते, तेथून सायफनने काठ ओलांडून बाहेरच्या बॉक्समध्ये जाते आणि बल्कहेडमधून, म्हणजे बॉक्सच्या छिद्रात बसवलेल्या पाइपाच्या जोडातून, पाइपाने संपमध्ये उतरते. संपमधला रिटर्न पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतो. या फेऱ्यातला बिघाड नेहमी एकाच बाजूने घातक ठरतो. सायफन तुटला तरी पंपाला त्याची खबर नसते, तो पाणी वर चढवतच राहतो आणि टाकी काठावरून वाहू लागते. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवेचे बुडबुडे आत खेचले जातात, शिवाय सायफनच्या वरच्या वळणात दाब कमी असल्यामुळे तेथे आलेली हवा सहज थांबून राहते. प्रवाहाने ती वाहून नेली नाही, तर थोडी थोडी साठत जाऊन शेवटी पाण्याचा धागा तोडते.

याच मुद्द्यावर बाजारातल्या दोन रचना वेगळ्या होतात. ईशॉप्सची पीएफ मालिका आणि लाइफरीफचे बॉक्स यू आकाराच्या नळीवर चालतात, तर सीपीआरच्या सीएस मालिकेत नळीऐवजी काठावरून जाणारा रुंद, बंद कप्पा असतो. यू-नळीची खरी ताकद तिच्या अरुंदपणात आहे. आतून 25 मिलिमीटर व्यासाच्या एका नळीतून ताशी 2000 लिटर पाणी जात असेल, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे 113 सेंटिमीटर होतो आणि त्यापुढे बुडबुड्यांना वर थांबायला फारशी संधी मिळत नाही. तेवढाच प्रवाह दोन नळ्यांत वाटला, तर प्रत्येकीतला वेग निम्म्यावर, म्हणजे सुमारे 57 सेंटिमीटरवर येतो. दोन नळ्या असल्या म्हणजे सुरक्षितता दुप्पट झाली, हा समज त्यामुळे मला धोक्याचा वाटतो. एक नळी बंद पडली तर दुसरी सगळे पाणी पेलू शकत असेल, तरच दुसरीला राखीव म्हणता येईल. पण रोजच्या वापरात दोघीही मंद वाहत असतील, तर हवा साठण्याचा धोका दोघींतही वाढलेला असतो. त्याच कारणाने लहान पंपासाठी मोठ्या क्षमतेचा बॉक्स घेऊ नये. छापील आकडा म्हणजे नळी स्वच्छ असतानाची कमाल मर्यादा. आपल्या पंपाचा, चढाव आणि वळणे धरून उरणारा खरा प्रवाह त्या मर्यादेच्या आत, पण फार खाली नाही, असा असावा.

सीपीआरच्या पद्धतीचा रुंद कप्पा बारीक अंगाचा असतो, भिंतीला टेकलेल्या टाकीमागे सहज बसतो आणि दिसायलाही नीटस वाटतो. परंतु त्या कप्प्यात पाणी संथ चालते, म्हणून साठणारी हवा सतत बाहेर काढण्यासाठी वरच्या तोटीला अ‍ॅक्वा लिफ्टरसारखा छोटा पंप जोडावा लागतो. या छोट्या पंपातला पडदा झिजतो, त्याच्या बारीक नळीत शेवाळ किंवा मीठ अडकते आणि तो बंद पडल्याचे कोणाला कळतही नाही. दर आठवड्याला ती नळी तपासण्याची शिस्त ज्याच्याकडे आहे, त्याने हा बॉक्स जरूर घ्यावा. माझी पसंती मात्र एका पारदर्शक यू-नळीच्या बॉक्सला आहे, कारण त्यात हवा घालवण्याचे काम पाण्याचा वेगच करतो आणि वळणात बुडबुडा अडकला तर तो डोळ्यांना दिसतो.

बॉक्स हातात घेतल्यावर आतल्या भागाची खोली पाहावी. दात्यांवरून पडलेले पाणी नळीच्या तोंडापर्यंत पोहोचण्याआधी बुडबुडे वर सुटायला जागा हवी. उथळ बॉक्समध्ये ते थेट नळीत ओढले जातात. वीज गेल्यावर नळीची दोन्ही टोके पाण्यात बुडालेली राहतात का, हेही पाहावे. चांगल्या बॉक्समध्ये दोन्ही कप्प्यांतली पातळी एका ठरावीक उंचीखाली जात नाही, म्हणून वीज परतताच प्रवाह आपोआप सुरू होतो. बाहेरच्या बॉक्समध्ये नुसता उभा पाइप असेल तर तो घशासारखा गुरगुरत राहतो. ड्युर्सो पद्धतीचा, वर झाकण आणि त्यात हवेचे बारीक छिद्र असलेला पाइप हा आवाज बराच कमी करतो. पकडीचे स्क्रू काचेवर थेट टेकू नयेत आणि टाकीला रुंद चौकट असेल, तर तिचे माप आधीच घ्यावे.

बॉक्स कितीही चांगला असला तरी उरलेली सुरक्षितता हिशेबात आहे. 120 × 45 सेंटिमीटरच्या टाकीत पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे 5.4 लिटर पाणी. वीज गेल्यावर पातळी दात्यांपर्यंत 2 सेंटिमीटर उतरणार असेल, तर संपमध्ये 10.8 लिटर आणि त्यावर पाइपांतले पाणी मावेल एवढी जागा मोकळी हवी. रिटर्न पाइपाचे तोंड पृष्ठभागाजवळ ठेवावे, म्हणजे तेथून उलटा सायफन लागून टाकी आणखी खाली उतरत नाही. याउलट, बॉक्सचा सायफन तुटल्यास वर येऊ शकणारे पाणी संपमधल्या रिटर्न पंपाच्या कप्प्यापुरतेच मर्यादित असते. त्या कप्प्यात पंपाला उपसता येईल असे 15 लिटर पाणी असेल, तर टाकीची पातळी जेमतेम 2.8 सेंटिमीटर वाढेल. काठाखाली तेवढी जागा सोडलेली असली, की जमीन कोरडी राहते. टाकीत पातळी वाढताच पंप बंद करणारा फ्लोट स्विचही जरूर बसवावा, पण गोगलगाय चढून बसली तर तो अडकतो, म्हणून त्याला या हिशेबाचा पर्याय समजू नये.

बसवल्यानंतर लगेच विसंबू नये. पंप अनेकदा बंद-चालू करून सायफन दर वेळी स्वतःहून उभा राहतो का ते पाहावे, आणि मग आतल्या बॉक्समध्ये नळीच्या तोंडाशी मुद्दाम हवेचे बुडबुडे सोडून ते वाहून जातात की वळणात थांबतात, हे निरखावे. थांबत असतील तर प्रवाह वाढवावा किंवा अरुंद नळी लावावी. तरीही थांबले, तर तो बॉक्स परत करावा. पुढे नळीच्या आतले शेवाळ ब्रशने काढत राहावे, कारण खडबडीत थरावर बुडबुडे चिकटतात.

टाकी अजून रिकामी असेल आणि काच टेंपर्ड नसल्याची खात्री झाली असेल, तर मात्र यांपैकी कोणताही बॉक्स घेण्यापेक्षा हिऱ्याच्या बिटने छिद्र पाडून घ्यावे, असेच मी सांगेन.