बदलापूर-दादर तिमाही पास: चार वर्षं वापरल्यावरचा रिव्ह्यू, आणि घरभाड्याचा खरा हिशोब

लोकलच्या सेकंड क्लासच्या पासाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण आमच्या घराच्या महिन्याच्या बजेटमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच आहे म्हणून लिहितेय. भाड्याचं घर कुठे घ्यायचं हे आम्ही या पासाच्या भरवशावर ठरवलं, आणि त्यात एक मोठी चूकही केली, ती तुम्ही करू नये असं मनापासून वाटतं.

आधी आम्ही भांडुपला होतो. वन बीएचके, भाडं २३,०००, आणि दर अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट रिन्यू करताना घरमालक भाडं वाढवणार हे ठरलेलं. माझं ऑफिस दादरला, मिस्टरांचं ऐरोलीला. ते बाईकने मुलुंडच्या ऐरोली ब्रिजवरून जायचे, अर्ध्या तासात ऑफिसात. पेट्रोल महिन्याला अडीच हजार. माझा लोकलचा पास दोनशेच्या आसपास. म्हणजे घर आणि येणंजाणं मिळून २५,७०० जात होते आणि दोघांचे पगार मिळूनही २० तारखेनंतर हात आखडायला लागायचा. मुलीची शाळेची फी आली की सासूबाईंच्या पेन्शनला हात लावावा लागायचा, ते मला फार लागायचं.

मग बदलापूर बघितलं. तेवढंच वन बीएचके, उलट हॉल थोडा मोठा, भाडं १०,५००. एजंटने सांगितलं स्टेशनपासून १० मिनिटं. आम्ही रविवारी दुपारी बघायला गेलो होतो, रस्ता मोकळा, रिक्षा लगेच मिळाली, खरंच १० मिनिटांत पोचलो. महिन्याला १२,५०० वाचणार म्हणून त्याच दिवशी टोकन दिलं.

आता पासाबद्दल. खरं सांगते, इतक्या कमी पैशात इतकं देणारी दुसरी गोष्ट आपल्याकडे नाही. बदलापूर ते दादर साठेक किलोमीटर आहे आणि सेकंडचा महिन्याचा पास तीनशे-साडेतीनशेच्या घरात. कितीही वेळा जा-या. तिमाही काढला तर तीन महिन्यांचे पैसे नाही लागत, २.७ महिन्यांचेच लागतात, वर्षाचा काढला तर १०.८ महिन्यांचे. मिस्टरांचा बदलापूर-ऐरोली एकच पास निघतो, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर, म्हणजे नवी मुंबईकडे जाणारी लोकल, पकडायची. मोबाईलवर पास काढला तर तो दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, त्यामुळे संपायच्या आदल्या दिवशी आठवणीने काढायचा, मी कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवते. एसीचा पास सेकंडच्या कितीतरी पट आहे, तो आमच्या बजेटच्या बाहेर, पण गरोदर बायकांनी किंवा पाठीचा त्रास असलेल्यांनी परवडत असेल तर जरूर बघावा.

आणि डब्यातली माणसं. लेडीज डब्यात चढलं की आधी विचारायचं 'ठाणा कोण, मुलुंड कोण, घाटकोपर कोण', म्हणजे कुठे कोण उतरणार, ज्या बाईने मान हलवली तिची सीट आपली, मग मधे दुसरी कुणी आली तरी ती म्हणणार 'दिलीय सीट'. हा शब्द कुणी मोडत नाही. हिवाळ्यात मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, घरी पोचेपर्यंत भाजी कढईत टाकायला तयार. माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी याच बायकांनी मला महिनाभर उभं राहू दिलं नाही. पासाच्या किमतीत हे धरलेलं नाही पण मी धरते.

गर्दीचं मात्र गोड बोलून चालणार नाही. बदलापूरहून सुटणारी लोकल मिळाली तर ठीक, बसायला मिळण्याची आशा तरी असते, कर्जत-खोपोलीहून येणारी आधीच भरलेली असते. त्यात अंबरनाथची माणसं बसायला जागा मिळावी म्हणून उलटी बदलापूरला येतात आणि त्याच गाडीने परत जातात, याला रिटर्न म्हणतात, त्यामुळे सुटणारी गाडीसुद्धा फलाटाला लागतानाच अर्धी भरलेली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले लोक पडले आणि जीव गेले. त्या दिवसापासून सासूबाई रोज सकाळी दोघांनाही फोन करतात, पोचलात का म्हणून. मिस्टरांना मी शपथ घातलीय की दारात उभं राहायचं नाही, गाडी सोडायची, लेटमार्क लागला तर लागू दे. स्वस्त पासाची ही बाजू ज्याला माहीत नाही त्याने आधी आठवडाभर पीक अवरला प्रवास करून बघावा आणि मगच तिकडे घर घ्यावं.

आता ती चूक. आमचं ते १० मिनिटांवरचं घर स्टेशनपासून अडीच किलोमीटरवर होतं. शेअर रिक्षा, सीटला २० रुपये. दोघांचे जाऊन-येऊन ८० रुपये रोज, २५ दिवसांचे २,००० झाले. रात्री उशीर झाला की शेअर मिळत नाही, मग स्पेशल करायची, ८० रुपये, महिन्यातून आठ वेळा तरी, ६४०. म्हणजे बघा, साठ किलोमीटरला मला साडेतीनशे लागतात आणि शेवटच्या अडीच किलोमीटरला हजार! हे मी वहीत लिहिलं तेव्हा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले होते.

आणि पैशाचं एक वेळ सोडा, रांग. संध्याकाळी ७:५० ची गाडी आली की शेकडो लोक एकदम बाहेर पडतात, रिक्षाची रांग पुलाच्या पायऱ्यांपर्यंत, पावसात छत्र्या एकमेकांवर आपटतायत, कुणाच्या कडेवर पोर झोपलेलं, वीस-वीस मिनिटं तशीच उभी. दीड तास ट्रेनमध्ये उभं राहून आल्यावर ती वीस मिनिटं अंगावर येतात. ट्रेनमध्ये मी कधी रडले नाही, त्या रांगेत एकदा रडलेय. पाळणाघरवाल्या ताईंना उशिरा पोरगी नेते म्हणून १,५०० जास्त द्यायचो. सासूबाईंचे गुडघे धरलेले असल्याने त्या चार मजले उतरून तिला आणू शकत नव्हत्या. आणि दमून आल्यावर स्वयंपाक होत नाही, आठवड्यातून एकदा बाहेरून मागवणं, त्याचे १,२०० धरा.

सगळं जोडलं. भाडं १०,५००, दोघांचे पास ६५०, रिक्षा २,६४०, पाळणाघर आणि बाहेरचं खाणं २,७००, एकूण १६,४९०. भांडुपला २५,७००. म्हणजे १२,५०० वाचतील वाटलं होतं, हातात राहिले ९,२००. तरीही नऊ हजार म्हणजे थोडेथोडके नाहीत, आमच्यासारख्यांना तर नाहीतच. पण त्यासाठी मी रोज दोन तास जास्त देत होते आणि मिस्टर सव्वादोन-अडीच तास, दोघांचे मिळून महिन्याला शंभराच्या वर तास. तासाला ८५ रुपये पडतात. सासूबाई एकदा शांतपणे म्हणाल्या, 'अगं, भाडं वाचवतेयस ते बरोबरच आहे, पण पोरगी जागी असताना तू घरी असतेस का?' मला उत्तर देता आलं नाही.

परत मुंबईकडे जाणं शक्य नव्हतं. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही बदलापुरातच घर बदललं, स्टेशनपासून चालत आठ मिनिटं, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही पण पहिला मजला, हॉल आधीपेक्षा लहान, भाडं १२,५००. नातेवाईक म्हणाले २,००० जास्त देऊन लहान घर कशाला. कारण २,६४० ची रिक्षा बंद झाली! भाडं वाढूनही महिन्याला ६४० उरले आणि रोज प्रत्येकी अर्धा तास परत मिळाला. घर लहान झालं पण घरात आम्ही जास्त असतो. पहिला मजला असल्यामुळे सासूबाई स्वतः खाली उतरून मुलीला आणतात, मग ते पाळणाघराचे जादा पैसेही गेले.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच आहे, डोंबिवली की अंबरनाथ की बदलापूर की टिटवाळा यावर लोक महिनोन्महिने वाद घालतात, पण पुढच्या चार स्टेशनांनी पासात फार फरक पडत नाही (वेळेत पडतो, तो धरा), स्टेशन ते घर या अंतराने पैशात आणि जिवाला फार फरक पडतो. घर बघायला रविवारी दुपारी जाऊच नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी आठला दादरहून गाडी पकडून जा, रिक्षाच्या रांगेत उभे राहा आणि घड्याळ लावून बघा. वहीत भाड्याचं वेगळं पान आणि प्रवासाचं वेगळं पान करू नका, एकाच पानावर लिहा, पाळणाघर, रात्रीची रिक्षा, बाहेरचं खाणं सगळं त्यातच. आणि बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यात घेत असाल तर उल्हास नदीचं पाणी कुठवर येतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा, एजंटला नको. २०१९ च्या जुलैमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस इथेच पाण्यात अडकली होती, पुरात तळमजला गेला तर वाचवलेलं भाडं एका रात्रीत जातं.

पासाला किमतीसाठी पाचपैकी पाच स्टार. सोयीसाठी चार, मोबाईलवर काढता येतो, तिकीट खिडकीची रांग टळते. गर्दीसाठी एकच, आणि तो एकही डब्यातल्या बायकांमुळे.

आता ७:५० च्या गाडीतून उतरले की पुलावरूनच सासूबाईंना फोन करते, त्या कुकर लावतात. तिसरी शिट्टी होईपर्यंत मी चपला काढत असते.