अ‍ॅनिमेशनचा इतिहास शिकायचाय? डिस्ने, जपान की फिल्म्स डिव्हिजन

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं बारावीनंतर अ‍ॅनिमेशनकडे वळली की क्लासमध्ये त्यांना सॉफ्टवेअर शिकवतात. इतिहासाला एखादं लेक्चर मिळालं तर मिळालं. पुढे अहमदाबादच्या एनआयडीत किंवा आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांत, जायचं असेल, किंवा नुसती मनापासून आवड असेल, तर हा भाग स्वतःच अभ्यासावा लागतो. मग सुरुवात कुठून करायची?

सगळ्यात मळलेली वाट डिस्नेची. पुस्तकं भरपूर, माहितीपट भरपूर, इंग्रजी जमत असेल तर साहित्याला तोटा नाही. १९२८ चा ‘स्टीमबोट विली’, १९३७ चा ‘स्नो व्हाइट’, १९४१ चा कलाकारांचा संप, त्या संपानंतर बाहेर पडलेल्यांनी यूपीए स्टुडिओत आणलेली सपाट, मोजक्या रेषांची शैली, अशी साखळी पटकन हाती लागते. पण या वाटेने गेलेला विद्यार्थी बहुतेक वेळा ‘स्नो व्हाइट’लाच जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट समजून बसतो. त्याआधी, १९१७ मध्ये अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानीने असा चित्रपट केला होता; तो आज उपलब्ध नाही. १९२६ मध्ये जर्मनीत लॉटे रायनिगर या बाईंनी काळा कागद कात्रीने कापून सावल्यांचा ‘प्रिन्स अख्मेद’ उभा केला. तो आजही बघता येतो. डिस्नेच्या मागचा समाज, म्हणजे मंदीतली अमेरिका आणि तिथल्या कामगार संघटना, आपल्याला पुस्तकातूनच समजून घ्यावा लागतो.

जपानची ओढ आजच्या मुलांना सर्वांत जास्त, आणि संस्कृतीचा संदर्भ शिकायला ही वाट खरंच समृद्ध आहे. १९४५ साली जपानी नौदलाच्या पैशाने बनलेल्या चित्रपटात मोमोतारो हा लोककथेतला नायक थेट सैन्याचा नायक होतो. तो पाहून भारावलेला पोरगेला ओसामू तेझुका पुढे १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणतो, आणि दर आठवड्याला भाग द्यायचा म्हणून कमीत कमी चित्रांत काम भागवण्याची पद्धत रुळते. १९८८ मध्ये घिबली स्टुडिओने ‘टोटोरो’ आणि युद्धात अनाथ झालेल्या भावंडांची ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ एकाच खेळात जोडीने दाखवले. असं का केलं असेल, यावर विचार करायला एक आठवडा द्यावा. आणि आपल्या घरात जपान आधीच येऊन गेलेलं आहे: दूरदर्शनवरचं ‘जंगल बुक’ जपानी होतं, गाणं तेवढं गुलजारांचं. अडचण एकच, सबटायटलमधून कथा कळते. सण, देवळं, बोलण्यातला मान-अपमान निसटतो.

माझं मत विचाराल तर फिल्म्स डिव्हिजनपासून सुरुवात करा. १९४८ साली सुरू झालेली, माहितीपट आणि लघुपट काढणारी ही सरकारी संस्था २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. तिच्या कार्टून विभागाला १९५६ मध्ये प्रशिक्षण द्यायला क्लेअर वीक्स आले. जन्म भारतातला, नोकरी डिस्नेकडची. त्यांच्या हाताखालून १९५७ चा ‘बनियन डिअर’ निघाला, जातककथेवरचा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या गोष्टीवरचा. तिथेच शिकलेले राम मोहन पुढे १९९० च्या दशकात जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्यासोबत जपानमध्ये बनलेल्या ‘रामायण’चे एक दिग्दर्शक झाले. तो पाहताना धोतराच्या निऱ्या, नमस्कार, खाली बसण्याची ढब नीट बघा. म्हणजे हा विभाग आपल्या भुसावळ जंक्शनसारखा आहे: इथून डिस्नेकडेही गाडी जाते आणि जपानकडेही.

त्याहून मोठं कारण घराजवळच आहे. जळगावपासून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा. सतराव्या लेण्यात विश्वंतर या दानशूर राजपुत्राची जातककथा रंगवलेली आहे. तोच राजपुत्र एका भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो: कधी महालात, कधी रथात दान करताना. दोन प्रसंगांमध्ये चौकट नाही. खांब, दार, झाड यांनीच पुढचा प्रसंग सुरू होतो. हे बघून आल्यावर ‘बनियन डिअर’ बघा. संदर्भ म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या घरीही जा. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यांनी केलेली छायाचित्रं पाहिली की दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आपल्या अ‍ॅनिमेशन लघुपटात आगकाड्या कशा हलवल्या असतील, याचा अंदाज येतो.

या वाटेच्याही उणिवा आहेत. पुस्तकं थोडी, माहिती विखुरलेली, आणि कित्येक लघुपट सरकारी संदेश देण्यासाठीच काढलेले. अ‍ॅनिमेवर, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनवर, वाढलेल्या मुलाला ते सुरुवातीला संथ वाटतील. पण संदेश कुणी दिला, कुणासाठी दिला, हाच तर अभ्यास आहे. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ घ्या: कल्पना विजया मुळे यांची, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. जाळ्यासकट उडणारी पाखरं पंचतंत्रातून आली आणि दूरदर्शनने घराघरांत नेली. आई-बाबांना विचारा, गाणं अजून पाठ असेल.

प्रवेशाची मुलाखत दोन महिन्यांवर आली असेल तर मात्र डिस्ने आणि यूपीए आधी उरका, कालक्रम पक्का होतो. वर्ष हाताशी असेल तर आधी फिल्म्स डिव्हिजन, जपान मध्ये, अमेरिका शेवटी. अजिंठा सोमवारी बंद असतं. आत फ्लॅश चालत नाही, उजेड कमी असतो. स्केचबुक आणि मऊ पेन्सिल सोबत ठेवा.