ओव्हरड्राइव्ह नव्हताच, नुसतं 'टक्' होतं : ₹२,३८,७०० गेले

रक्कम आधीच सांगतो, कारण घरात ती अजून पूर्ण सांगितलेली नाही. माझ्या एमजीबीला, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला, एका गॅरेजवाल्याकडून ओव्हरड्राइव्ह बसवायचा होता. गिअरबॉक्सच्या मागे लागणारं हे युनिट वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे कमी करतं. ॲडव्हान्स ₹६०,०००. 'युनिट मुंबईत आलंय, सोडवून घ्यायचंय' म्हणून ₹१,०५,०००. मेनशाफ्ट (गिअरबॉक्सचा मुख्य दांडा), बेअरिंग, सिंक्रो रिंगा (गिअर अलगद लागू देणाऱ्या) ₹३८,५००. मजुरी ₹२७,०००. ऑइल आणि वायरिंग ₹८,२००. एवढं मोजून एमजीबीच्या गिअरबॉक्समध्ये जे बसलं ते म्हणजे काहीही नाही. जुनाच गिअरबॉक्स तसाच परत चढवला आणि गिअरबॉक्स झाकणाऱ्या बोगद्याच्या आतल्या बाजूला एक सोलेनॉइड, म्हणजे करंट दिला की दांडा ओढणारं विद्युतचुंबक, ठोकलं. डॅशबोर्डचं बटण दाबलं की ते खाली टक् करतं. लोकांना वाटतं, लागला ओव्हरड्राइव्ह.

गाडी १९७१ची, म्हणजे चारही गिअरला सिंक्रो असलेला बॉक्स. त्याला लेकॉक कंपनीचं एलएच प्रकारचं ओव्हरड्राइव्ह युनिट लागतं. आधीच्या तीन-सिंक्रो बॉक्सचं डी-टाइप वेगळं. हे मला माहीत होतं. रेशो ०.८२, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे ०.८२ पट, हेही माहीत होतं. म्हणून 'वाचून जायचं होतं ना' असं कृपा करून कोणी लिहू नका. वाचूनच गेलो होतो. बाकावर त्या गॅरेजवाल्याने खरं एलएच युनिट दाखवलं, नंबरच्या पितळी पट्टीसकट. हातात दिलं, वजन करून बघायला लावलं. शंका कशाला येईल?

शंका यायला हवी होती ती नाशिकच्या अशोक स्तंभाच्या सिग्नलला.

गाडी ताब्यात देताना तो शेजारी बसला होता. गंगापूर रोडला चक्कर मारू म्हणाला. संध्याकाळी सातला. त्या गर्दीत पन्नासच्या वर गाडी जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. सिग्नल सुटला, सेकंडला होतो, हात चुकून बटणाला लागला आणि खालून टक्. सेकंडला! या गाडीत ओव्हरड्राइव्ह फक्त तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला लागतो. गिअरबॉक्सवर इनहिबिटर स्विच असतो, तो पहिल्या, दुसऱ्या आणि रिव्हर्सला सोलेनॉइडचा करंट तोडतो. तो उगाच लावलेला नसतो. रिव्हर्समध्ये ओव्हरड्राइव्ह लागला तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच जातो आणि युनिट भंगारात. मी विचारलं, "सेकंडला कसं काय वाजलं?" तो म्हणाला, "काका, वायरिंग डायरेक्ट दिलंय. स्विचची कटकटच नको. तुम्हालाच सोपं." आणि मी मान डोलावली. टूलरूममध्ये उमेदवारांना मापं शिकवणारा माणूस, आणि मान डोलावली. आज तो सिग्नल लागला की दुसरीकडे बघतो.

टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा तरी बघायचा होता. या गाडीला मूळ डिफरेन्शियल आणि टायरवर चौथ्या गिअरला हजार आरपीएमला साधारण २९ किमी वेग मिळतो. ताशी ९० ला काटा ३,१०० च्या आसपास. ओव्हरड्राइव्ह लागला की तो २,५५० च्या आसपास उतरायलाच हवा, तोही अर्ध्या-एक सेकंदात, क्लच न दाबता, पाय हलका ठेवून. विल्होळी ते घोटी हायवेला चार दिवसांनी गेलो. बटण चालू, टक्, ३,१००. बटण बंद, टक्, ३,१००. घोटीपर्यंत मी 'टॅकोमीटर बिघडला असेल' असं स्वतःला सांगत होतो. माणूस किती गाढव असू शकतो.

दुसऱ्या दिवशी गाडी रॅम्पवर. मागच्या टोकाला ओव्हरड्राइव्हचा डबाच नाही. जाळी आणि फिल्टरचं झाकण नाही, पितळी पट्टी नाही. ऑइल काढून मोजलं तर जेमतेम तीन लिटर, साध्या बॉक्सइतकं. युनिट असतं तर ३.४ च्या आसपास निघालं असतं. त्यातही आत ओतलं होतं गिअर ऑइल नव्वद! या बॉक्सला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल लागतं. बॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह एकाच ऑइलवर चालतात, तेच ऑइल पंप उचलून दाब तयार करतो. कोणी नव्वद ओतत असेल तर त्याला या कामाचं काही कळत नाही, तिथूनच गाडी परत आणा.

आणखी एक, कारण मला 'मेनशाफ्टचे वेगळे' म्हणून ₹३८,५०० लावले. ती मागणी खोटी नव्हती, म्हणूनच मी फसलो. साध्या बॉक्सच्या मागे युनिट नुसतं बोल्ट मारून बसत नाही. ओव्हरड्राइव्हचा मेनशाफ्टच वेगळा असतो, त्याच्या मागच्या भागावर युनिटसाठी स्प्लाइन (दांड्यावरच्या दातेरी खाचा) असतात आणि पंप चालवणारा कॅम बसतो. आत दोन जागी स्प्लाइन एका रेषेत आणून मग युनिट सरकवायचं. जाता जात नसेल तर नट आवळून ओढायचं नाही, नाहीतर फुटतं. त्यापेक्षा ओव्हरड्राइव्हसह आख्खा बॉक्स मिळाला तर घ्या. आणि काढलेला जुना मेनशाफ्ट हातात मागा. मी मागितला नाही. मागितला असता तर त्याच दिवशी नाटक संपलं असतं, कारण तो गाडीतच होता. युनिटवरचं लेबल काळं आहे की निळं तेही विचारा, स्पीडोमीटर त्याप्रमाणे बदलतो. मी विचारलं होतं. "धुताना गेलं," म्हणाला.

आता पोलीस. ठाण्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी अर्ज वाचून प्रश्न आला, "ड्रिंक अँड ड्राइव्हची केस आहे का?" समजावलं. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये बघतो तर 'ओव्हरलोड'. तिसऱ्या दिवशी, "पैसे यूपीआयने दिले ना, मग सायबरला जा." तिथे म्हणाले, "समोरासमोर भेटून दिले ना, मग हे सायबर कसं?" परत ठाण्यात. "काम केलंय, तुम्हाला पसंत नाही, हे दिवाणी प्रकरण." काम केलंच नाही हो! दाखवलं एक, बिल लावलं त्याचं, बसवलं काहीच नाही. ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, अर्जात लिहून नेलं तर "कायदा आम्हाला शिकवू नका." सहा फेऱ्या झाल्या, पोचपावतीवर शिक्का मिळायला. एकाने तर सल्ला दिला, एवढी जुनी गाडी ठेवताच कशाला.

बिलावर त्याने लिहिलंय 'ओव्हरड्राइव्ह फिटिंग पूर्ण'. नंबर नाही, जीएसटी नाही. आरसीवर चॅसिस आणि इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नाही, म्हणून सरकारी कागदावर काहीच सिद्ध होत नाही. पितळी पट्टीवरचा नंबर बिलात लिहून घ्या, पैसे देण्याआधी. युनिट बाकावर आणि मग गाडीखाली, दोन्ही फोटो तुम्ही स्वतः काढा, त्याने पाठवलेले चालत नाहीत. ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. रॅम्पवरचे फोटो, मोजलेलं ऑइल आणि दुसऱ्या फिटरचं लेखी मत जोडलंय.

ते टक् करणारं सोलेनॉइड काढून टेबलावर ठेवलंय. डिझेल इंजिनाचा इंधन पंप बंद करणारं आहे, टेम्पोला असतं तसलं. ज्या शहरात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनतात, त्या शहरात मला ते ओव्हरड्राइव्ह म्हणून विकलं गेलं.

बाकावरचं खरं युनिट मात्र अजून तिथेच असणार, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. खूण सांगतो. खालच्या झाकणाच्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय आणि शेजारी निळ्या रंगाचा ओघळ आहे. तसलं युनिट कोणी हातात देऊन "वजन बघा काका" म्हणालं, तर गाडीची चावी देऊ नका.