सोलापुरात नवं घर: वाड्याचं रूप घ्यावं की वाड्याची रीत?

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत बंगल्याचं काम काढलेल्या माणसासमोर हल्ली दोन चित्रं ठेवली जातात. एक म्हणजे करडा-पांढरा चौकोनी ठोकळा, जिन्यापुढे दोन मजली काच, एसीपीच्या (ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेल्या तक्त्यांच्या) पट्ट्या. दुसरं म्हणजे 'वाडा थीम': उतरतं कौल, लाकडाचा रंग दिलेले सिमेंटचे खांब, पितळी कड्यांचं कोरीव दार. दोन्ही चित्रं रस्त्यावरून बघण्यासाठी काढलेली असतात. घरात राहणाऱ्याने मात्र ती मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, पारा ४२-४३ वर असताना लावून बघावीत.

छपरापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच आहे. उतरतं मंगलोरी कौल हे कोकणातल्या धो-धो पावसाचं छप्पर. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस. इथलं जुनं छप्पर सपाट, म्हणजे माळवद: लाकडी तुळया, वर कडीपाट (आडव्या कड्या आणि फळ्या) आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन तुळयांमधला गाळा म्हणजे खण, आणि खोली केवढी, तर इतक्या खणांची, असा हिशेब. तेव्हा स्लॅबवर कौल चिकटवून 'आपली परंपरा' म्हणणं म्हणजे रत्नागिरीची परंपरा सोलापुरात आणणं झालं. करायची तर हौस म्हणून करा, नावाला फसू नका.

मग माळवदच का नको? थंडाव्यात त्याला तोड नाही, पण दरवर्षी मृगाआधी डागडुजी लागते आणि वजन प्रचंड. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदं अंगावर येऊन. त्यामुळे साधा आरसीसी स्लॅबच घ्या, त्यावर वीटतुकड्यांचा कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी). माळवदाचा जाडपणा जे काम करायचा, त्यातलं बरंचसं हा पांढरा रंग ऊन परतवून करतो. उघडा स्लॅब किंवा काळपट वॉटरप्रूफिंग असेल तर वरच्या खोल्या मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या राहतात, मग खाली वाडा असो की ठोकळा.

भिंतींच्या बाबतीत दोन्ही चित्रं सारखीच फसवी. जुन्या वाड्याची दोन-दोन फुटी दगडी भिंत उष्णता आत यायला दिवस लावायची. आज वाडा थीममध्ये इंचभर काळा दगड नुसता चिकटवतात, त्याने आत काहीच फरक पडत नाही. ठोकळ्याचं एसीपीसुद्धा नुसतं दर्शनीच. खर्च करायचाच तर पश्चिमेच्या भिंतीवर करा: एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे), किंवा विटेचं पोकळी ठेवून केलेलं नऊ इंची बांधकाम. जिना, बाथरूम, अडगळीची खोली पश्चिमेला लोटा आणि झोपायच्या खोल्या पूर्व-उत्तरेला. काळ्या मातीचा प्लॉट असेल तर सजावटीतून पैसे काढून मुरूम लागेपर्यंत पाया खोल नेण्यात घाला. ती माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते, आणि भिंतीची चीर थीम बघून जात नाही.

आता चौक. माझं मत सरळ चौकाच्या बाजूने आहे, पण तो खरा हवा. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर आठ बाय आठचा चौक चौसष्ट चौरस फूट खातो, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच, 'तेवढ्यात एक खोली निघाली असती.' मग तडजोड म्हणून वरून पॉलिकार्बोनेट टाकतात. धूळ थांबते, कबूतरं थांबतात, आणि गरम हवाही आतच थांबते. त्यापेक्षा चौक करू नका. उघडा ठेवायचा असेल तर वर लोखंडी जाळी, उन्हाळ्यात ओढता येणारं कापड, आणि चारी बाजूंनी निदान अडीच फुटांची पडवी. इतकी सावली नसेल तर उघडा चौकही तापतोच.

जागेचं दुखणं कमी करणारा एक जुना मार्ग आहे. वाड्यांच्या चौकात आड असायचा. तुम्ही चौकाखाली हौद घ्या. आठवड्यातून एक-दोनदा नळ येणाऱ्या शहरात मोठा हौद तसाही लागतोच. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात पडणाऱ्या पावसातून चाळीसेक हजार लिटर पाणी धरता येतं. सगळं एकदम साठवायची गरज नाही, जादाचं बोअरमध्ये सोडा. ठोकळ्यात हा हौद पार्किंगखाली जातो. तेही चालतं, फक्त घराला हवा मिळत नाही.

फरशीत मला शंका नाही: शहाबादी. खाण शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, पायाला गार, घासून पॉलिश केली की देखणी. पण ती चुनखडीच आहे, लिंबू-चिंचेचे डाग धरते. म्हणून ओट्यावर ग्रॅनाइट आणि स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइड टाइल घ्या, बाकी घरभर शहाबादी. हाताने घडवलेल्या नक्षीच्या टाइल्स दूरवरून मागवायची टूम सध्या आहे, देवघरापुरती ठीक.

सजावटीत फार गुंतू नका. सोलापुरी चादर पलंगावर असतेच, तीच दिवाणाला आणि भिंतीवरच्या टांगणीलाही शोभते. ज्या शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, माग घरातच चालायचे, तिथे याहून 'स्थानिक' काय हवं?

घर बहुतेक वेळ बंद, दोघं नोकरीला, धूळ झाडायला कोणी नाही, असं असेल तर बंद ठोकळा घ्या. काच उत्तरेला न्या आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर भरपूर छज्जे काढा. घरात म्हातारी माणसं, दुपारी कोणी ना कोणी असतंच, उन्हाळी वाळवणं होतात, तर चौक आणि पडवी घ्या, दर्शनी भाग साधा ठेवला तरी चालेल. बजेट मध्येच आटलं तर कोरीव दार मागे टाका. चौकट मजबूत बसवली असेल तर फळ्या दोन वर्षांनीही बदलता येतात.